उंदीर पडणे आणि साथीचे गणित

साथीचा रोग हा वैद्यकाचा विषय, आणि जेथे वैद्यक थकते तेथे दैवाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तो गणिताचाही विषय आहे, आणि ह्या गणिताची पहिली प्रसिद्ध कसोटी मुंबई बेटावरील उंदरांच्या साथीवर लागली, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ते गणित साधे अंकगणित जाणणाऱ्या वाचकास कळेल अशा रीतीने सांगावे, आणि मोकळ्या शिवारातील रानउंदरांना ते लावू गेले असता कोठे अडते हे दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही चर्चा केवळ कुतूहलाची नव्हे. गावात उंदीर मरू लागले असता उरलेले उंदीर मारावेत काय, आणि मारावयाचे तर केव्हा, ह्या प्रश्नाचे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. ते उत्तर चुकले तर त्याची किंमत माणसांना द्यावी लागते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) हे ते गाव. नावात कन्नडचे 'हळ्ळी' आणि मराठीचे 'खेड' शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि दोहोंचा अर्थ एकच, गाव. कंसातील 'बी' हे महसुली दप्तरातील 'बुजुर्ग'चे आद्याक्षर. ह्या मुलखात जांभ्याची लाल आणि कापसाची काळी अशी दोन्ही प्रकारची जमीन आढळते. ज्वारी, तूर, हरभरा, ऊस ही पिके होतात. आणि जेथे धान्य तेथे उंदीर हे ओघानेच आले. ह्या गावी अमुक साथ आली होती असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. दख्खनच्या सीमाभागातील कोणत्याही शेतकरी गावाचा प्रतिनिधी म्हणून त्याची निवड केली आहे.

जुन्या पिढीचे निरीक्षण

प्लेगच्या दिवसांत 'उंदीर पडणे' असा शब्दप्रयोग घरोघरी रूढ होता. आढ्यावरून किंवा बिळातून बाहेर येऊन उंदीर झिंगत झिंगत मरून पडू लागले की जाणती माणसे घरदार सोडीत आणि शिवारात खोपटी बांधून राहत. ह्या वागण्यात वरवर भीती दिसते. परंतु तिच्यामागे एक अचूक निरीक्षण होते. उंदरांचा रोग आधी आणि माणसांचा मागाहून, आणि दोहोंमध्ये काही दिवसांचे अंतर, हा क्रम लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखला होता.

मुंबईत ही साथ सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्रथम ओळखली. पुढील वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. जानेवारी १८९७ मध्ये हॅफकिन ह्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली; १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले ह्यांचे निधन झाले; जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे मात्र तेव्हा निश्चित झालेले नव्हते. पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत केलेल्या प्रयोगाने उंदराच्या अंगावरील पिसवांकडे बोट दाखविले. तरीही पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नेमलेल्या संशोधकांच्या मंडळाने तो सिद्धांत पक्का केला. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते. भुकेल्या पिसवा ते सोडून दुसरा उंदीर शोधतात. आणि उंदीर सरले म्हणजे माणसाकडे वळतात. उंदरांची साथ आणि माणसांची साथ ह्यांत सुमारे दोन आठवड्यांचे अंतर पडते, ते ह्याच कारणाने.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्लेग हा जंतूंपासून होणारा रोग आहे, विषाणूंपासून होणारा नव्हे. वैद्याच्या दृष्टीने हा भेद मोठा. जंतूंवर जी औषधे चालतात ती विषाणूंवर चालत नाहीत. एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे रोग किती वेगाने जातो एवढेच मोजणाऱ्या गणिताला मात्र दोन्ही सारखेच. म्हणून आधी प्लेगचे उदाहरण घेऊ आणि मग विषाणूंकडे वळू.

तीन गट आणि एक उंबरठा

साथीच्या गणिताचा उगम शोधू गेल्यास आपण पुन्हा जुन्या हैदराबाद संस्थानातच येऊन पोहोचतो, आणि बिदर तेव्हा त्याच संस्थानाचा भाग होते. रोनाल्ड रॉस ह्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. पुढे त्यांनी गणिताच्या आधारे एक विधान मांडले, ते त्या काळी अनेकांना विचित्र वाटले: हिवताप नाहीसा करण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली नेली की रोग आपोआप ओसरतो. रॉस ह्यांच्याबरोबर १९०१ साली सिएरा लिओनला गेलेले अँडरसन मॅकेन्ड्रिक हे भारतीय वैद्यक सेवेतील तरुण अधिकारी होते. त्यांनी हा विचार उचलला, हिंदुस्थानात कसौली येथे अनेक वर्षे काम केले आणि नंतर एडिंबरो येथील प्रयोगशाळेचे प्रमुखपद घेतले. तेथे त्यांना विल्यम कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ सहकारी लाभले. कर्मॅक ह्यांची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गेली होती. ह्या दोघांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेला निबंध साथीच्या गणिताचा पाया समजला जातो.

त्यांची मूळ कल्पना अशी. समजा, हळ्ळीखेडच्या शिवारातील एका पट्ट्यात २०० उंदीर आहेत. साथीच्या काळात त्यांचे तीन गट पडतात. ज्यांना रोग अद्याप झालेला नाही पण होऊ शकतो, ते बाधाक्षम. त्यांची संख्या 'क्ष' मानू. ज्यांना रोग झाला आहे आणि जे तो इतरांस देत आहेत, ते बाधित. त्यांची संख्या 'य'. आणि जे मेले किंवा बरे होऊन रोगप्रतिकारक झाले, ते निवृत्त. हे तिसऱ्या गटातील उंदीर आता रोग घेतही नाहीत आणि देतही नाहीत.

नवी लागण होण्यासाठी बाधाक्षम आणि बाधित ह्यांची गाठ पडावी लागते. म्हणून दर आठवड्यास होणारी नवी लागण ही क्ष आणि य ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते: स × क्ष × य. येथे 'स' हा संसर्गाचा दर होय. त्याच आठवड्यात बाधितांपैकी काही निवृत्त होतात: न × य. येथे 'न' हा निवृत्तीचा दर. साथ वाढते की ओसरते, हे ह्या दोन राशींतील मोठी कोणती ह्यावर ठरते. दोहोंतून समाईक 'य' काढून टाकला की प्रश्न फार सोपा उरतो: स × क्ष ही राशी 'न'पेक्षा मोठी की लहान? म्हणजेच, बाधाक्षम उंदरांची संख्या न ÷ स ह्या संख्येहून अधिक की उणी?

ही न ÷ स संख्या म्हणजे साथीचा उंबरठा. आपल्या काल्पनिक पट्ट्यात न = १/२ (दर आठवड्यास निम्मे बाधित निवृत्त होतात) आणि स = १/२०० धरले, तर उंबरठा १०० उंदरांचा येतो. उंदीर २०० असतील तर आरंभीचा एक बाधित उंदीर आपल्या आजारपणात सरासरी दोघांस रोग देईल आणि साथ भडकेल. मुळात उंदीर ९० असतील तर एखादा रोगी उंदीर बाहेरून आला तरी रोग दोनचार ठिकाणी चमकून विझेल.

ह्या गणिताचा दुसरा निष्कर्ष अधिक मार्मिक आहे. साथ संपते ती सर्व उंदीर मेल्यामुळे, असे आपण सहज म्हणतो. गणित तसे म्हणत नाही. बाधाक्षम उंदीर २०० वरून घटत १०० पर्यंत आले की त्या क्षणी साथ शिखरावर असते. त्यानंतर प्रत्येक बाधित उंदीर स्वतःची जागा भरून काढण्याइतकीही लागण करू शकत नाही. साथ पूर्ण ओसरते तेव्हा सुमारे १६० उंदरांना रोग होऊन गेलेला असतो आणि सुमारे ४० उंदीर त्यातून संपूर्णपणे सुटलेले असतात. रोगाचे इंधन संपण्यापूर्वीच रोग विझतो. वणव्यातही काही गवत असेच न जळता शिल्लक राहते.

मुंबईचा वक्र आणि त्याची सावधगिरी

आपल्या सूत्राची कसोटी पाहण्यासाठी ह्या दोघांनी मुंबई बेटावरील १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ ह्या काळातील प्लेगच्या आठवडी मृत्यूंचे आकडे घेतले. त्यांच्या सूत्राने काढलेला वक्र घंटेच्या आकाराचा आहे: हळूहळू चढणारा, सतराव्या आठवड्यास, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास, ८९० च्या शिखरावर पोहोचणारा आणि तितक्याच सुबकपणे उतरणारा. वक्राखालील क्षेत्र काढल्यास एकूण मृत्यू सुमारे ८,९०० येतात. प्रत्यक्ष नोंदींचे बिंदू त्या रेषेला इतके बिलगून बसतात की पाहणारा चकित होतो. आजही साथीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत हा आलेख आढळतो.

परंतु त्याच्या शेजारीच लेखकांनी जे लिहिले ते पाठ्यपुस्तकांत बहुधा येत नाही. त्यांनी प्रथम स्पष्ट केले की आकडे माणसांच्या मृत्यूंचे असले तरी सूत्र उंदरांचे आहे. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब समजून ते चालले होते. मग त्यांनी आपली गृहीते एकेक करून मांडली. सर्व उंदीर सारखेच बाधाक्षम आहेत. बेटावरील कोणत्याही उंदरास रोग होण्याची शक्यता सारखीच आहे. संसर्गाचे, बरे होण्याचे आणि मृत्यूचे दर आजाराच्या आरंभापासून शेवटपर्यंत बदलत नाहीत. प्रत्येक बाधित उंदीर मरतो किंवा प्रतिकारक्षम होतो. आणि पिसवा इतक्या विपुल आहेत की रोग जणू प्रत्यक्ष स्पर्शानेच पसरतो. ह्यांतील एकही गृहीत काटेकोरपणे खरे नाही, म्हणून सूत्रातील अंकांवरून निष्कर्ष काढू नयेत, असे त्यांनी स्वतःच बजावले.

ही सावधगिरी किती योग्य होती हे पुढे दिसून आले. निकोला बाकाएर ह्या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ साली ह्या आलेखाची फेरतपासणी केली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा शाळेतील विद्यार्थ्यालाही पटेल असा आहे. साथ बाधाक्षम उंदीर सरल्यामुळे ओसरली असेल, तर पुढील वर्षी ती येऊ नये, निदान त्याच महिन्यांत येऊ नये. मुंबईत मात्र प्लेग वर्षानुवर्षे त्याच ऋतूत येत राहिला. हिवाळ्याच्या अखेरीस चढे, उन्हाळ्यात उतरे. ह्याचा अर्थ वक्राचा उतार ऋतूने आणलेला होता. कडक उष्मा आणि कोरडी हवा पिसवांना मानवत नाही. त्या लवकर मरतात आणि त्यांच्या दंशाने होणारा संसर्गही मंदावतो. एकच सुबक वक्र दोन अगदी भिन्न कारणांनी निर्माण होऊ शकतो. म्हणून सूत्र आकड्यांशी जुळले एवढ्यावरून सूत्रामागील कारण सिद्ध झाले असे होत नाही. शास्त्राच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी अशी ही गोष्ट आहे.

घरातील उंदीर आणि रानातील उंदीर

मुंबईच्या चाळीतील उंदरांचे गणित हळ्ळीखेडच्या शिवारात जसेच्या तसे नेता येत नाही, ह्याची कारणे पाहू.

पहिले कारण लोकसंख्येचे. सूत्र धरून चालते की साथीच्या काळात उंदरांची संख्या बाहेरून वाढत नाही. शेतातल्या उंदरांचा गर्भकाल सुमारे तीन आठवड्यांचा असतो, आणि पाऊस पडून चारा-धान्य वाढले की पिल्लांची संख्याही वाढते. प्रत्येक नवे पिल्लू हा नवा बाधाक्षम जीव. म्हणून रानात साथ एकदाच येऊन संपत नाही. ती दबते, पिकाबरोबर उंदीर वाढले की पुन्हा डोके वर काढते. ज्वारी कापली, उसाची तोडणी झाली की उंदीर आसरा शोधीत गावाकडे सरकतात, आणि मग 'स'ची किंमतही बदलते.

दुसरे कारण जातींचे. शेतात एकाच जातीचा उंदीर नसतो. काळ्या जमिनीत खोल बिळे करणारी घूस, लहान शेतउंदीर, आणि शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा असलेला, लांब मागील पायांवर उड्या मारणारा टाटेरा इंडिका, ही सारी शेजारी राहतात. टाटेरा इंडिका हा भारतातील रानटी प्लेगचा प्रमुख आश्रयदाता मानला जातो. कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू ह्यांच्या सीमा जेथे मिळतात त्या टापूत त्यावर दीर्घकाळ पाळत ठेवली गेली. घरातील काळा उंदीर प्लेगने पटापट मरतो; रानातील काही जाती त्याला बऱ्याच अंशी तोंड देऊ शकतात. एक जात रोग जपते आणि दुसरी तो भडकावते, अशा वेळी तीन गटांचे एक सूत्र पुरत नाही. प्रत्येक जातीचे तीन गट आणि त्यांच्यामधली ये-जा मांडावी लागते.

तिसरे कारण जागेचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. रानउंदराला शिवारातील प्रत्येक उंदीर भेटत नाही. त्याचे बीळ ठरलेले, त्याचा वावर ठरलेला. कझाकस्तानात बालखश सरोवराच्या दक्षिणेकडील वाळवंटी प्रदेशात रशियन आणि कझाक संशोधकांनी १९४९ पासून कित्येक दशके एका मोठ्या बिळवासी उंदराच्या वसाहती मोजल्या. शेकडा किती बिळे वसलेली आहेत आणि त्या प्रदेशात प्लेग आहे की नाही, ह्याच्या त्या नोंदी होत्या. त्यांच्या आधारे २००४ साली दाखवून देण्यात आले की वसलेल्या बिळांचे प्रमाण एका उंबरठ्यावर गेले की काही काळाने, साधारण दोन वर्षांनी, प्लेग दिसू लागतो. उंबरठ्याखाली गेले की तो नाहीसा होतो. म्हणजे रॉस आणि मॅकेन्ड्रिक ह्यांचा उंबरठा निसर्गात प्रत्यक्ष सापडला. पुढे २००८ साली त्याचा खुलासाही झाला, आणि तो आपल्या गावकऱ्याला वणव्याच्या उपमेने सहज कळेल. माळावर गवत विरळ असेल, मध्ये मध्ये मोकळी जमीन असेल, तर ठिणगी पडूनही आग थोड्याच अंतरावर विझते. गवताची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की तीच ठिणगी माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट काढते. वसलेली बिळे म्हणजे ते गवत, आणि बिळाबिळांतून हिंडणाऱ्या पिसवा म्हणजे ती ठिणगी.

विषाणूंचे निराळे चलन

आता विषाणूंकडे वळू. आपल्या प्रदेशातील सर्वांत जवळचे उदाहरण माकडतापाचे. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने ह्या रोगाचा विषाणू वेगळा करून ओळखला; १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. पुढे हा ताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातही आढळला. विषाणू पसरविण्याचे काम गोचिडी करतात. गोचिडीची अगदी लहान अवस्था रानउंदीर, चिचुंद्री, खारी अशा छोट्या प्राण्यांच्या रक्तावर जगते. पुढील अवस्था माकडाला आणि माणसाला चावते. माकड मरते म्हणून ते नजरेस पडते. उंदीर मरत नाही म्हणून तो नजरेआड राहतो. माणसाकडून रोग पुढे जात नाही, म्हणजे गणिताच्या भाषेत माणूस ही बंद गल्ली होय. येथे 'न' आणि 'स' हे केवळ उंदरांचे गुणधर्म उरत नाहीत. गोचिडीचे एकाहून अधिक ऋतूंत पसरलेले आयुष्य त्यांत गुंतलेले असते.

दुसरे उदाहरण इंग्लंडातील. तेथील रानउंदरांत गाईच्या देवीचा विषाणू आढळतो. लिव्हरपूल येथील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक मूलभूत प्रश्न विचारला: उंदरांची संख्या दुप्पट झाली तर प्रत्येक उंदराच्या गाठीभेटीही दुप्पट होतात काय? आपल्या सूत्राने तसे गृहीत धरले होते. नोंदी पाहता त्या विषाणूच्या बाबतीत हे गृहीत टिकले नाही. बाधितांची एकूण संख्या पाहण्यापेक्षा त्यांचे शेकडा प्रमाण पाहणारे सूत्र अधिक जुळले. विचार केल्यास हे नवल नाही. एखाद्या विषाणूचा प्रसार जोडीदाराशी झालेल्या संबंधातून किंवा नरांच्या झुंजीतील चाव्यांतून होत असेल, तर शिवारात उंदीर शंभर असोत की हजार, एका उंदराच्या अशा भेटी जवळपास ठरलेल्याच असतात. मग संख्येचा उंबरठाही उरत नाही, आणि 'उंदीर कमी करा म्हणजे रोग जाईल' हा उपाय आपल्या पायाखालची जमीन गमावून बसतो.

मारावे की थांबावे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. हळ्ळीखेडपासून फार दूर नसलेल्या मुलखात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे भूकंपाने उद्ध्वस्त झाले. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावी गाठींच्या प्लेगची लक्षणे दिसू लागली. भारतात १९६६ नंतर माणसांतील प्लेगची नोंद झालेली नव्हती. त्या वेळी दिले गेलेले स्पष्टीकरण असे की धक्क्यांच्या भीतीने लोक घराबाहेर राहिले, घरांत धान्य पडून राहिले, त्यावर उंदीर माजले, आणि लोक परतले तेव्हा पिसवांशी त्यांची गाठ पडली. सप्टेंबरमध्ये सुरतेतून बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. अशा घबराटीत उंदरांवर विषाचे आमिष टाकणे हा कोणासही प्रथम सुचणारा उपाय असतो.

गणित येथे थांबावयास सांगते. इंग्लंडातील कीलिंग आणि गिलिगन ह्यांनी २००० साली उंदीर, पिसवा आणि माणसे ह्या तिघांना एकत्र घेऊन प्लेगचे प्रतिमान मांडले. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. उंदरांच्या विखुरलेल्या लहान लहान वस्त्यांत रोग वर्षानुवर्षे गुपचूप टिकू शकतो. तो बाहेरून यावा लागतो असे नाही. आणि उंदीर मारण्याने माणसांतील साथ टळूही शकते आणि वाढूही शकते. सारे अवलंबून असते ते वेळेवर. कारण उघड आहे. साथीपूर्वी उंदरांची संख्या उंबरठ्याखाली आणली तर रोगाला जागाच मिळत नाही. साथ सुरू झाल्यावर मात्र प्रत्येक मेलेला उंदीर, तो रोगाने मरो की विषाने, आपल्या अंगावरील भुकेल्या पिसवा मोकळ्या सोडतो, आणि जवळचे ऊबदार शरीर बहुधा माणसाचे असते. म्हणूनच प्लेगनियंत्रणाचा मान्य नियम असा आहे की प्रथम बिळांत आणि घरांत कीटकनाशक भुकटी टाकून पिसवा माराव्यात, आणि त्यानंतरच उंदरांकडे वळावे.

ह्या प्रकाशात जुन्या पिढीचे शिवारात राहावयास जाणे पाहिले तर ते अडाणीपणाचे वाटत नाही. उंदीर पडताच घर सोडणारा गावकरी उंदीर मारीत नव्हता. तो पिसू आणि माणूस ह्यांची गाठ तोडीत होता. सूत्राच्या भाषेत, त्याचा हात नेमक्या राशीवर पडला होता. ह्या उपायाने घरे ओस पडत, पेरणी-कापणी बुडे, लहानग्यांचे हाल होत, हे खरेच. पण कारणमीमांसा ठाऊक नसतानाही उपाय बरोबर सापडला होता.

साथ नसताना संख्येवर लक्ष ठेवणे हे मात्र गावाच्या आवाक्यातील काम आहे. शेतकी खात्याची माणसे आणि जाणते शेतकरी एक सोपी रीत वापरतात. संध्याकाळी बांधावरील आणि शेतातील बिळांची तोंडे ओल्या मातीने बुजवावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील किती उघडली गेली ते मोजावयाचे. उघडलेली बिळे वसलेली, न उघडलेली ओस. शेकडा प्रमाण काढणे पाचवीच्या मुलालाही येते. बालखशच्या वाळवंटात उंबरठा ठरविला गेला तो ह्याच जातीच्या मोजणीवरून. महिन्यातून एकदा ठरलेल्या बांधांवर ही मोजणी केली आणि वहीत मांडली, तर दोनचार वर्षांत त्या शिवाराचा स्वतःचा आलेख तयार होईल: पावसाबरोबर कोठे चढतो, सुगीनंतर कोठे उतरतो. मेलेला उंदीर आढळल्यास त्याला हात लावू न देता आरोग्य खात्यास कळवावयाचे, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे.

परिभाषेच्या दृष्टीनेही ह्या विषयात मराठीला करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रतिमान, बाधाक्षम, निवृत्त हे शब्द बनवावे लागले. 'उंबरठा', 'वणवा', 'उंदीर पडणे' हे भाषेने आधीच तयार ठेवले होते. ज्या भाषेत गावकरी आपला अनुभव सांगतो त्याच भाषेत त्याला सूत्र सांगता आले, तर तो ते तपासूही शकतो: तुमच्या सूत्रात उंदीर सगळीकडे सारखे फिरतात म्हणता, पण आमच्या शिवारात ओढ्यापलीकडचा उंदीर अलीकडे येत नाही, असे तो म्हणू शकतो. गृहीताची अशी परीक्षा ज्याला करता येते त्याच्याच हातात सूत्र सुरक्षित असते. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक ह्यांनी आपल्या वक्राखाली गृहीतांची यादी लिहून ठेवली ती ह्याच परीक्षेसाठी. आणि हे गणित शिकविणाऱ्याने वक्राबरोबर ती यादीही फळ्यावर लिहिली पाहिजे.